गच्चीचं काम दरवर्षी पावसात सापडतं: योजनेत 'बिघडलं तर' कुठे आणि कसं लिहायचं

गृहनिर्माण संस्थेची गच्ची गळते. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत वॉटरप्रूफिंग मंजूर होतं. वेळापत्रकात काम मार्चअखेर संपलेलं असतं. प्रत्यक्षात पहिला पाऊस उघड्या स्लॅबवर पडतो आणि वरच्या मजल्यावर बादल्या लागतात. पुढच्या वर्षी दुसऱ्या विंगचं काम निघतं आणि पुन्हा तेच होतं.

ठाणे जिल्ह्यातल्या आमच्या तीन विंगच्या संस्थेत हे २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ दोन वर्षं घडलं. २०२५ मध्ये तिसऱ्या विंगचं काम वेळेत झालं. कंत्राटदार तोच होता आणि दरही जवळपास तेच होते. बदलली ती योजना लिहिण्याची पद्धत. मी बरीच वर्षं कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं नियोजन केलं आहे. तिथे रोज वापरायच्या पद्धती संस्थेच्या कामात आणल्या, एवढंच. ज्यांच्या योजना दरवेळी एकाच वळणावर अडतात, त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी हे तपासा: दिवस नेमके कुठे गेले?

दोन्ही वर्षं सभेत एकच कारण सांगितलं गेलं: पाऊस. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. २०२४ मध्ये तो ९ जूनला आला, म्हणजे दोन दिवस लवकर. पण २०२३ मध्ये तो २५ जूनला आला होता, सरासरीपेक्षा तब्बल दोन आठवडे उशिरा! निसर्गाने चौदा दिवस जास्त दिले तरी आमची गच्ची उघडीच होती. तेव्हा पावसाला दोष देण्यात अर्थ नव्हता.

मग मी जुनं इतिवृत्त, कोटेशनं आणि मुकादमाची हजेरी वही घेऊन बसलो. २०२३ च्या कामाचा आदेश १ जानेवारीला निघायचा होता, तो निघाला ९ मार्चला. हे ६७ दिवस कागदावर गेले. कोटेशनांची तुलना, एका सभासदाचा आक्षेप, पुन्हा कोटेशन, आणि वर्गणी जमण्याची वाट. जागेवरचं काम ९० दिवसांचं धरलं होतं, त्यात २१ दिवसांची घसरण झाली. एकूण ८८ दिवसांच्या उशिरापैकी तीन चतुर्थांश उशीर पहिली वीट फोडण्याआधीच झालेला होता. आम्ही मात्र सगळी चिंता ताडपत्रीची करत होतो.

तुमच्या कामातही आधी हेच करा. मागच्या दोन फसलेल्या वेळांचे दिवस मोजा आणि प्रत्येक दिवसापुढे तो कशात गेला ते लिहा. आठवणीवर विसंबू नका. आठवणीत शेवटचा गोंधळ मोठा दिसतो आणि सुरुवातीची ढिलाई दिसतच नाही.

जे उपाय आम्ही करून पाहिले आणि चालले नाहीत

प्रत्येक कामाला पाच-पाच दिवस जास्त धरणे. हे दिवस कुठे जातात ते कळतच नाही. मुदत लांब आहे म्हटल्यावर सुरुवातच उशिरा होते, आणि एखादं काम लवकर संपलं तरी पुढचा माणूस ठरल्या तारखेलाच येतो. वाचलेला दिवस पुढे सरकत नाही, गेलेला दिवस मात्र सरकतो.

उशिराला दंड. छोट्या कंत्राटदारावर दंड बसवायला जावं तर तो अर्धी गच्ची सोडून दुसऱ्या साइटवर जातो. गच्ची शेवटी आपलीच असते.

आयत्या वेळी ताडपत्री. जूनमध्ये महाग मिळते, वाऱ्याने उडते, आणि जिथे दाबायला विटा ठेवतो तिथेच पाणी साचतं.

कल्पनेत काम आधीच फसवा

पहिली पद्धत प्री-मॉर्टेम. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखातून ती मांडली. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी बसायचं आणि धरून चालायचं की काम फसलं आहे. 'काय बिघडू शकेल?' असं विचारायचं नाही. 'काय बिघडलं?' असं विचारायचं. फरक छोटा वाटतो, पण परिणाम मोठा आहे. 'बिघडू शकेल का' म्हटलं की माणसं संकोचतात, अपशकुन नको म्हणून गप्प बसतात, कंत्राटदारासमोर शंका कशी काढायची असं वाटतं. फसलंच आहे म्हटल्यावर कारण सांगणं हे हुशारीचं काम होतं.

आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये संस्थेच्या ऑफिसात नऊ जण बसलो. समितीचे पाच, कंत्राटदाराचा सुपरवायझर, नेहमीचा प्लंबर, वॉचमन, आणि आधीच्या वर्षी जिच्या घरात पाणी आलं त्या ताई. मी एवढंच सांगितलं: "आज १५ जून. गच्ची उघडी आहे, छत गळतंय. काय झालं ते दहा मिनिटं न बोलता लिहा." न बोलता लिहिणं फार महत्त्वाचं आहे. आधी अध्यक्ष बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात.

चिठ्ठ्या वाचल्या तेव्हा पाऊस फक्त दोघांनी लिहिला होता. खजिनदारांनी लिहिलं, 'खालच्या मजल्यांनी वर्गणी वेळेत दिली नाही, कारण त्यांच्या घरात गळत नाही.' वास्तविक गच्चीतून येणारी पावसाची गळती दुरुस्त करायचा खर्च आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण संस्थांच्या नमुना नियमावलीप्रमाणे) संस्थेचा, म्हणजे सगळ्यांचा असतो. तरी मनातलं मनातच राहतं आणि चेक उशिरा येतो. सुपरवायझरने लिहिलं, 'उचल घेऊन माणसं होळीला गावी गेली, परत आली नाहीत.' वॉचमनकाकांनी लिहून दाखवायला नकार दिला, पण सांगितलं: मंगळवारी गल्लीत आठवडी बाजार असतो, पाण्याचा टँकर आत येत नाही, राडारोड्याची गाडीही नाही. दोन वर्षं हे कुणाच्याच वेळापत्रकात नव्हतं. वॉचमनला बोलावलं नसतं तर तिसऱ्या वर्षीही नसतं.

फांद्यांचं झाड: या सगळ्यातलं मुख्य साधन

चिठ्ठ्यांची यादी झाली की बहुतेक ठिकाणी काम थांबतं. यादी फाइलला लागते. यादीला योजनेशी बांधणारी पद्धत जपानमधून आली आहे. टोकियो विद्यापीठातले जिरो कोंडो यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती आखली आणि पुढे तिथल्या गुणवत्ता चळवळीने व्यवस्थापनाच्या 'नव्या सात साधनां'त तिला जागा दिली. 'प्रोसेस डिसिजन प्रोग्राम चार्ट' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला पीडीपीसी म्हणतात. आम्ही तिला झाड म्हणतो.

मोठा कागद आडवा धरा. डावीकडे उद्दिष्ट लिहा: 'गच्ची गळणार नाही.' त्याच्या उजवीकडे मुख्य टप्पे: पैसा आणि आदेश, जुना कोबा (स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) तोडणे, स्लॅबची दुरुस्ती, नवा कोबा, पाणी साठवून चाचणी, वरचा चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर). प्रत्येक टप्प्यापुढे त्यातली प्रत्यक्ष कामं. आणि मग प्रत्येक कामापुढे, वेगळ्या रंगात, काय बिघडेल. चिठ्ठ्यांतली प्रत्येक भीती झाडावर आपल्या जागी चिकटवा. जिथे चिठ्ठी नाही तिथे स्वतः विचारा: हे काम झालंच नाही तर? उशिरा झालं तर? झालं पण चुकीचं झालं तर? यासाठी लागणारी वस्तू किंवा माणूस मिळालं नाही तर? शेवटी, सगळ्यात टोकाला, उपाय. जो उपाय खरंच करता येईल त्यापुढे गोल, जो जमणार नाही त्यापुढे फुली.

फुल्या पुसू नका. 'मंगळवारचा बाजार हलवणे' यापुढे फुली आहे हे दिसलं की पुढच्या बैठकीत तोच विषय पुन्हा निघत नाही.

आता एक फांदी पूर्ण सांगतो, कारण पद्धतीचा जीव तिथे आहे. टप्पा: जुना कोबा तोडणे. काय बिघडेल? तोडल्यावर खाली स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या निघतील. पहिल्या दोन्ही वर्षी हेच झालं होतं. कोबा निघाला, सळ्या दिसल्या, काम थांबलं, वाढीव खर्चाचं कोटेशन आलं, सभा बोलावली. गच्ची उघडी ती उघडीच.

याला पहिला सुचलेला उपाय होता, 'सळ्या निघाल्या तर ताबडतोब सभा घेऊ.' हा उपाय घटनेच्या नंतरचा आहे. झाडाकडे बघत प्लंबर म्हणाला, "आत्ताच चार ठिकाणी फोडून का बघत नाही?" डिसेंबरमध्ये, पावसाची भीती नसताना, पाण्याच्या टाकीजवळ, जिन्याच्या कोपऱ्यात, पन्हळीच्या तोंडाशी आणि मधोमध असे फूट-फूट चौकोन फोडून पाहिले. टाकीजवळ आणि पन्हळीपाशी गंज निघाला. म्हणजे सैल काँक्रीट काढणं, सळ्या घासून गंजरोधक लावणं आणि पॉलिमर मॉर्टर भरणं हे सगळं मूळ कोटेशनमध्येच आलं. आदेशानंतर या कारणाने एकही दिवस गेला नाही.

त्याच टप्प्यावरची दुसरी भीती: स्लॅब उघडा असताना पाऊस. उपाय म्हणून ताडपत्री लिहिली, पुढे फुली मारली. मग कामाचा क्रमच बदलला. एका वेळी अर्धीच गच्ची तोडायची, आणि तिची पाणी-चाचणी पार पडल्याशिवाय दुसऱ्या भागाला हात लावायचा नाही. सांध्यावर थोडं जास्त काम पडतं, कंत्राटदाराने त्याचे पैसे लावले, आणि ते दिले ते योग्यच झालं.

हे नीट समजून घ्या. झाडावर उपाय लिहिताना दोन वेगळ्या गोष्टी मिसळतात. एक, बिघाड होऊच नये म्हणून योजनेत आत्ता करायचा बदल. दोन, तरीही झालाच तर करायची कृती. आधी पहिल्या प्रकारचा शोधा. तो सापडला नाही तरच दुसऱ्याकडे वळा. आमच्या झाडावर पहिल्या खेपेला जवळजवळ सगळे उपाय दुसऱ्या प्रकारचे होते.

भीती पन्नास, वेळ थोडा: आधी कशाकडे बघायचं?

इथे कारखान्यातली एफएमईए, म्हणजे संभाव्य बिघाड आणि त्यांचे परिणाम तपासायची पद्धत कामी येते. तिचं मूळ अमेरिकन सैन्याच्या १९४९ मधल्या कार्यपद्धतीत आहे. प्रत्येक बिघाडाला तीन गुण द्यायचे, १ ते १०. झाला तर किती गंभीर, होण्याची शक्यता किती, आणि आधी लक्षात येणं किती अवघड. तिन्हींचा गुणाकार करायचा.

आमचे आकडे असे होते. वर्गणी उशिरा: ७, ९, ६, गुणाकार ३७८. गंजलेल्या सळ्या: ८, ६, ७, म्हणजे ३३६. होळीला माणसं जाणं: ६, ९, २, म्हणजे १०८. हे होणार हे जवळजवळ नक्की, पण कॅलेंडरवर दिसतं म्हणून तिसरा गुण कमी. उघड्या स्लॅबवर पाऊस: १०, ३, ४, गुणाकार १२०.

शेवटच्या आकड्यावर थांबा. गुणाकार छोटा आहे म्हणून तो खाली ढकलायचा नाही. गंभीरपणाचा गुण ९ किंवा १० असेल तर गुणाकार काहीही येवो, उपाय लिहिलाच पाहिजे. नुसत्या गुणाकारावर भरवसा ठेवणारे इथे फसतात. आणि हे आकडे मोजमाप नसून अंदाज आहेत. ३७८ आणि ३३६ यांत वाद घालू नका, ३७८ आणि १०८ यांतला फरक बघा.

पर्याय लिहिलेला असूनही वापरला का जात नाही?

माझ्या मते खरी गाठ इथे आहे. २०२४ मध्ये आमच्याकडे पर्यायी योजना होती. 'माणसं कमी पडल्यास दुसरा मुकादम घेणे' असं इतिवृत्तात स्वच्छ लिहिलं होतं. मेमध्ये माणसं गावी गेली. लग्नसराई होतीच, शिवाय लोकसभेची निवडणूक. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये मतदान सातही टप्प्यांत, १ जूनपर्यंत होतं. तारखा १६ मार्चलाच जाहीर झाल्या होत्या. तरी दुसरा मुकादम आला नाही. का? 'कमी' म्हणजे किती कमी, हे ठरलेलं नव्हतं. रोज वाटायचं, उद्या येतील. दुसऱ्या मुकादमाला बोलवायचा अधिकार कुणाचा, हे ठरलेलं नव्हतं. आणि त्याचा दर जास्त होता, तो फरक कुठून द्यायचा हेही नव्हतं.

म्हणून आता झाडावरच्या प्रत्येक गोलापुढे तीन गोष्टी लिहिल्याशिवाय आम्ही तो उपाय मानत नाही: खूण, अधिकार, पैसा.

खूण मोजता येणारी हवी. 'सलग तीन दिवस हजेरी सहापेक्षा कमी.' '२० डिसेंबरपर्यंत ७० टक्के वर्गणी जमा नाही.' '५ एप्रिलपर्यंत दुसऱ्या भागाचा कोबा तोडायला घेतला नाही, तर तो भाग दिवाळीनंतर.' ही शेवटची ओळ लिहिताना समितीत खूप चर्चा झाली, पण तीच सगळ्यात उपयोगी. काम पुढे ढकलायचा निर्णय शांतपणे, डिसेंबरमध्ये घेऊन ठेवला की मेमध्ये 'एवढं केलंच आहे तर उरकून टाकू' हा मोह होत नाही. गच्ची न फोडता राहिली तर जुनी गळती राहील. फोडून राहिली तर धबधबा लागेल.

अधिकार आधीच द्या. समितीला ठरावीक रकमेपुढे खर्च करता येत नाही आणि विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण पाच दिवसांची सूचना लागते. गणपूर्ती झाली नाही तर आणखी वेळ. त्यामुळे मूळ ठरावातच लिहून घेतलं: आकस्मिक खर्चासाठी मंजूर रकमेच्या १२ टक्के, झाडावर लिहिलेल्या कारणांसाठीच, सचिव आणि खजिनदार दोघांच्या सहीने, हिशेब पुढच्या सभेत. सभासद विरोध करतील असं वाटलं होतं. झाडाचा कागद भिंतीवर लावला होता, लोकांनी कारणं वाचली आणि ठराव एकमताने झाला.

पैसा वेगळा ठेवा. सिंकिंग फंडावर (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या निधीवर) 'बघू' म्हणून अवलंबून राहू नका. तो वापरायला स्वतंत्र मंजुरी लागते.

दिवस कसे धरायचे

एकच आकडा विचारला की कंत्राटदार सगळं सुरळीत गेल्याचा आकडा देतो. तीन विचारा. सगळं जुळलं तर किती, साधारणपणे किती, आणि वाईट गेलं तर किती. १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालेल्या पर्ट पद्धतीचं सूत्र सोपं आहे: पहिला आकडा, मधल्याची चौपट आणि शेवटचा यांची बेरीज, भागिले सहा. जुना कोबा तोडून राडारोडा उतरवायला सुपरवायझरने ६, ९ आणि २४ दिवस सांगितले. ६ अधिक ३६ अधिक २४, म्हणजे ६६. भागिले ६, उत्तर ११. आधीची दोन्ही वर्षं आम्ही ९ धरत होतो. पण सूत्रापेक्षा त्या २४ ने जास्त शिकवलं. "२४ का?" विचारल्यावर तो म्हणाला, लिफ्टमधून राडारोडा न्यायला सभासद मनाई करतात. मग दोरीची घिरणी आधीच बसवली.

राखीव दिवस प्रत्येक कामाला वाटू नका, शेवटी एका जागी ठेवा आणि किती उरले ते दर शनिवारी फलकावर लिहा. काही दिवसांना मात्र हात लावायचा नाही. मिश्रित सिमेंटला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १० दिवस क्युरिंग (ओलं ठेवणं), आणि आमच्या कंत्राटाप्रमाणे ४८ तास पाणी साठवून चाचणी. घाई झाली की पहिली काटछाट इथेच होते, आणि गळती तिथूनच सुरू होते.

आणि शेवटची तारीख ११ जून धरू नका. ती सरासरी आहे. हवामान विभाग मेच्या मध्याला केरळमधल्या आगमनाचा अंदाज देतो, तोही चार दिवस पुढेमागे असं सांगून. तोपर्यंत आपलं काम आटोपलेलं हवं. आम्ही ओल्या कामाची शेवटची तारीख १० मे ठेवली.

२०२५ मध्ये काय झालं ते सांगतो. आदेश ६ जानेवारीला निघाला. २० डिसेंबरची वर्गणीची खूण लागली होती, म्हणून खजिनदारांनी ठरल्याप्रमाणे घरोघरी जाऊन पुढच्या तारखांचे चेक घेतले. पहिल्या भागाची चाचणी ८ मार्चला झाली. होळी १४ मार्चला होती, माणसं गेली, आणि ती जाणार हे धरूनच गच्ची तेव्हा पूर्ण झाकलेली होती. दुसरा भाग २ एप्रिलला फोडला. मध्ये एकदा हजेरीची खूण लागली, चौथ्या दिवशी सकाळी दुसऱ्या मुकादमाची पाच माणसं आली. चाचणी २ मेला संपली.

त्या वर्षी मुंबईत मोसमी पाऊस २६ मेला आला, आजवरच्या नोंदींतलं सगळ्यात लवकरचं आगमन.

तरीही अडलं तर

झाड फार मोठं होतं. सगळ्या फांद्या टोकापर्यंत नेऊ नका. ज्या टप्प्यात मागे दिवस गेले आहेत आणि ज्यात गंभीरपणा ९-१० आहे, तेवढ्याच न्या. आमच्या पन्नासेक भीतींपैकी १४ टोकापर्यंत गेल्या.

बैठकीत कंत्राटदार बोलत नाही. त्याला आरोप वाटतो. त्याच्या सुपरवायझरला आणि मुकादमाला आधी स्वतंत्र भेटा, दुसऱ्या साइटवर काय बिघडलं ते विचारा. दुसरीकडचं माणूस मोकळेपणाने सांगतं.

खूण लागली पण कुणी पाहिलीच नाही. प्रत्येक खुणेपुढे एकाच माणसाचं नाव लिहा. 'समिती' असं लिहू नका. हजेरीची खूण आमच्याकडे वॉचमनकाकांकडे होती. येणारी-जाणारी माणसं त्यांच्याच वहीत सही करतात.

झाडावर नव्हतं तेच घडलं. आमच्याही बाबतीत झालं. चाचणीसाठी गच्चीवर पाणी भरायच्या दिवशीच पाणीकपात होती. दोन टँकर मागवावे लागले आणि राखीव रकमेतून पैसे गेले. त्यासाठी कारण झाडावर नसल्याने आदल्या संध्याकाळी अकरा सभासदांना फोन करून संमती घ्यावी लागली. आता 'पाणी-चाचणी' या फांदीपुढे पाणीकपात लिहिली आहे, पुढे गोल, टँकरवाल्याचा दर, आणि एक टीप: मंगळवार सोडून.